संपलेला सेल: समज आणि वस्तुस्थिती

रिमोट चालेनासा झाला की आतला सेल ‘संपला’ असे मानले जाते. प्रत्यक्षात तो क्वचितच पूर्ण रिकामा होतो. उरलेला विद्युतदाब उपकरणाला अपुरा असला तरी अपघाताला पुरतो. नाण्याएवढा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होऊन २ तासांतच खोल जखम होऊ शकते. वापरून काढलेल्या सेलनेही हेच घडते. म्हणून असे सेल खणात सुटे पडू देऊ नयेत.

सगळे सेल सारखेच विषारी, हा समजही खरा नाही. साध्या पेन्सिल सेलमध्ये मुख्यतः जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड असते. जस्त गंजू नये म्हणून पूर्वी मिसळला जाणारा पारा आता बहुतेक सेलमधून गेला आहे. जुन्या कॉर्डलेस फोनमधल्या निकेल-कॅडमियम बॅटरीतले कॅडमियम मात्र खरोखर घातक.

मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत विषापेक्षा आगीची भीती मोठी. घंटागाडीत टाकलेली बॅटरी कचरा दाबताना चिरडली, की आत शॉर्टसर्किट होऊन ती पेट घेते. टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्यावी. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये.

भंगारात दिली म्हणजे पुनर्वापर झाला, हा समज इन्व्हर्टरच्या बॅटरीबाबत सर्वांत महागात पडतो. तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणूनच दुकानदार जुनी घेऊन नवीवर सूट देतात. पण उघड्यावर बॅटरी फोडून आम्ल गटारात सोडले, शिसे साध्या भट्टीत वितळवले, तर धूर आणि धूळ वस्तीत पसरते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ बाधित होते. नोंदणीकृत केंद्राचा आग्रह धरायचा तो यासाठी.

कायदा फक्त मोठ्या बॅटरीपुरता आहे, ही समजूत २००१ च्या नियमांबाबत बरोबर होती; ते शिसे-आम्ल बॅटरीपुरतेच होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत छोटे सेलही येतात. वापरलेल्या बॅटरी गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांत उत्पादकावर टाकली आहे, तर त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची ग्राहकावर. बॅटरीवरचे फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह याचसाठी असते.