हवामानाची मोजणी : आरंभ पावसापासून

होटगीच्या शिवारात भाद्रपद सरता सरता पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पारावर त्याचीच चर्चा चालते. एक म्हणतो, ओलीला ओल मिळाली. दुसरा म्हणतो, नुसता शिडकावा झाला. बहुधा दोघेही खरेच बोलत असतात, कारण या भागातील पाऊस एका शिवारात पडतो व शेजारचे कोरडे ठेवतो. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या अवधीत साठलेल्या ओलीवरच करावयाची असते. ओल अपुरी असता बियाणे वाया जाते, आणि पेरणी लांबल्यास दाणे भरण्याच्या वेळी ओल सरते. म्हणून पाऊस अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजावा, हे बरे.

तापमान, आर्द्रता, वारा, हवेचा दाब, ऊन व पाऊस हे हवामानाचे मुख्य घटक होत. या शास्त्राचा शेतीशी संबंध आपल्याकडे जुना आहे. हवामान खात्याने पुण्यास १९३२ साली कृषिहवामान शाखा काढली व १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जागी पाणी न वाहता, न मुरता साचले असता होणारा एक मिलिमीटर जाडीचा थर. एक हेक्टरावर हे पाणी दहा हजार लिटर भरते. हवामान खाते २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ धरते. तेवढ्याने पेरणीजोगी ओल होत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावा. झाड अथवा घर जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच व समतल असावी. मोजपात्र त्याच मापकाचे वापरावे. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकास १०० चे पात्र लावल्यास पाऊस दुप्पट भरतो! मापक नसल्यास सपाट बुडाचा, उभ्या कडांचा डबा ठेवून आतील पाणी पट्टीने मोजावे. निमुळते भांडे उपयोगी नाही.

महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राचा आकडा त्या केंद्राच्या जागेचा असतो. आपल्या शेतातील डबा त्या शासकीय नोंदीची जागा घेऊ शकत नाही, परंतु पेरणीचा निर्णय आपल्या शेतातील पावसावरच घ्यावयाचा आहे.

इतर घटकांपैकी तापमान सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजतात. आर्द्रतेसाठी दुसऱ्या तापमापकाच्या फुग्यास ओले मलमल गुंडाळतात. हवा जितकी कोरडी, तितका दोहोंतील फरक मोठा. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तीच लिहावी.

पाऊस रोज सकाळी ८.३० वाजता मोजून त्याच तारखेखाली लिहावा. तो मागील २४ तासांचा असतो. पाऊस नसल्यास शून्य लिहावे. जागा कोरी सोडल्यास पाऊस झाला नाही की मोजावयाचे राहिले, हे पुढे कोणासही सांगता येत नाही.