शिशाची जमा-खर्च नोंद

पाणी गाळून, उकळून पिण्याची शिस्त जैन कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या पाळली जाते. गाळण्याचे फडके कचरा व बारीक जीव अडवते, उकळण्याने रोगजंतू नष्ट होतात. परंतु पाण्यात विरघळलेले शिसे फडक्यातून सहज पार होते. उकळल्यानेही ते जात नाही. उलट, वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. डोळ्यांना वा जिभेला त्याचा सुगावा लागत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस मात्र ते घातक ठरते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे; म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून अवघा एक ग्रॅम. इतकी अल्प शिल्लक मोजावी कशी?

प्रागचे शास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांवर वीजप्रवाह मोजून द्रावणातील पदार्थ ओळखण्याची पद्धत शोधली. त्यासाठी १९५९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पारा स्वतःच विषारी! पुढे २००० मध्ये अमेरिकेत जोसेफ वांग व सहकाऱ्यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर बिस्मथचा पातळ थर चढवून पाऱ्याला पर्याय दिला. बिस्मथ त्या मानाने फारच कमी विषारी आहे.

या मोजणीची रीत खतावणीसारखी आहे. प्रथम जमा: इलेक्ट्रोडवर ऋण विद्युतदाब ठेवला, की काही मिनिटांत पाण्यातील शिसे त्यावर धातुरूपाने साचते. मग खर्च: दाब क्रमाने बदलत नेला, की साचलेले धातू एकेक करून पुन्हा द्रावणात उतरतात, आधी कॅडमियम, नंतर शिसे. कोणत्या दाबाला धातू उतरला यावरून त्याचे नाव कळते, आणि त्या वेळी वाहिलेल्या विजेवरून त्याची रक्कम. घरोघरी रक्तातील साखर तपासण्याच्या अनेक पट्ट्यांवर कार्बनचेच इलेक्ट्रोड छापलेले असतात. तशाच पट्ट्यांवर पाण्याचीही तपासणी करता येते.

अर्थात, पाण्यातील तांबे किंवा सेंद्रिय द्रव्ये या हिशेबात घोळ घालू शकतात. म्हणून नमुन्यात ठरावीक शिसे मिसळून पुन्हा मोजतात व ताळा पाहतात.

जुन्या नळजोडणीच्या घरांत रात्रभर नळात साचलेल्या पहाटेच्या पहिल्या पाण्याचा नमुना एकदा प्रयोगशाळेत अवश्य द्यावा. दुकानाची वही वर्षाकाठी तपासून घेणाऱ्या घराने माठातील पाण्याचा हिशेब मात्र विश्वासावर सोडू नये.