आधी मोजा, मग जोडा

भोपाळच्या मिसरोद भागातून भाच्याचा फोन आला, "मामा, नवी बॅटरी जोडताच ड्रोनमधून धूर निघाला!" कनेक्टर नीट बसला होता, पण लाल-काळ्या तारा उलट होत्या.

'जेएसटी' हे जपानी कंपनीचे नाव, मापाचे नव्हे. दुकानात माप सांगावे. शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांतले अंतर एसएचमध्ये १ मिलिमीटर, जीएचमध्ये १.२५, पीएचमध्ये २ आणि एक्सएचमध्ये २.५ असते. पाच पिना असल्यास पहिलीच्या मध्यापासून शेवटचीच्या मध्यापर्यंत मोजून चाराने भागावे.

तारांचे रंग सगळीकडे सारखे नसतात. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे. काढताना तार न ओढता प्लॅस्टिकचा भाग धरावा. आपण कानडीत म्हणतोच ना, 'नोडी माडु', म्हणजे बघून कर!