चतुर्थीला गावी: शनिवार ते बुधवार



यंदा म्हणजे २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी सुरू झाली, त्यामुळे सुट्टी आणि सण यंदा अगदी लागून आलेत. दरवर्षी "बघू, जमलं तर" म्हणणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे. म्हणून आजच्या भागात सिंधुदुर्गातल्या घरी चार-पाच दिवस जाऊन येण्याबद्दल बोलू. रत्नागिरी-रायगडकरांनी आपल्याकडच्या चालीप्रमाणे थोडा फरक करून घ्यावा.

पहिला प्रश्न रजेचा. बरेच जण असा बेत करतात: रविवारी रात्री पोचायचं, सोमवारी पूजा, मंगळवारी दीड दिवसाचं विसर्जन, आणि ओल्या कपड्यांनीच विमानतळ गाठायचा. दोनच दिवसांची रजा लागते, म्हणून हा बेत आकर्षक वाटतो. पण माझं ऐका, शुक्रवारी रात्री इथून निघा आणि बुधवारी परता. रजा एक दिवसच जास्त लागेल.

कारण चतुर्थीचं खरं काम असतं ते शनिवारी आणि रविवारी. गणपतीच्या वर माटवी बांधायची असते. तिला आंब्याचे टाळ, कवंडळं, हरणं, शेरवड, तेरडा, सुपारीचे घोस, शहाळी, चिबूड, तवशी असं सगळं लागतं. पूर्वी घरात आठ-दहा तरुण असत. सकाळी रानात गेले की दुपारपर्यंत पडवी भरून जाई. आता कितीतरी घरांत सत्तरी ओलांडलेले बाबा आणि एखादा चुलतभाऊ एवढेच उरलेत. बाजारात माटवीचं सामान मिळतं, नाही असं नाही, पण ते आणायला आणि शिडीवर चढून बांधायला माणूस लागतोच. मग गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची. पावसात, चिखलातून, मूर्ती सांभाळत चालायचं म्हणजे खांदेपालट करायला दोघंतिघं हवेतच.

स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. सोमवारी मोदक, भाज्या, वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. मंगळवारी ऋषिपंचमी, म्हणजे बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी. तिची नुसती निवडानिवड करण्यात सकाळ जाते. संध्याकाळी आरतीला वाडीतली माणसं येतात, त्यांना चहा-उसळ द्यायची असते. त्यात तुम्ही दुबईहून चौघं येणार: चार ताटं, चार अंथरुणं, आंघोळीचं गरम पाणी. पाहुण्यासारखे गेलात तर वहिनीच्या डोक्यावर तेवढं काम वाढतं, आणि ती ते कधीही बोलून दाखवणार नाही. चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या जरूर न्या, पण शनिवारी दुपारी नारळ खवायला बसलात तर तिला त्याचं जास्त बरं वाटेल. पुरुषांनीसुद्धा, हो. खर्चाचा वाटाही निघताना पाकिटातून देऊ नका. महिनाभर आधी पाठवा, म्हणजे वाणसामान आणताना कुणाला उसनवारी करावी लागत नाही.

मुलांना झांजा द्या. शब्द येत नसले तरी ताल येतो, आणि दुसऱ्या आरतीपर्यंत निम्मे शब्दही येतात. इथल्या शाळा सप्टेंबरात चालू असतात, तेव्हा तीन दिवसांची रजा आत्ताच कळवून ठेवा.

मित्रांची वेगळी गाठ ठरवायची गरज नसते. मुंबईचे चाकरमानी त्याच दिवसांत येतात, आणि रात्री घरोघर आरती-भजन फिरतं, त्यात सगळे भेटतात. आपणही चाकरमानीच की, फक्त जरा लांबचे.

आता बुधवार कशासाठी? मंगळवारी संध्याकाळी वहाळावर विसर्जन होतं, पाट रिकामा परत येतो, आणि घर एकदम शांत होतं. त्या रात्री आई गुडघ्याचं बोलते. बाबा सांगतात की आता पूजेला फार वेळ बसवत नाही. मूळ घरचा गणपती सगळ्या भावांचा, मग पुढच्या वर्षी पूजेला कोण बसणार, घराचे वासे कुणी बदलायचे, हे विषय फोनवर निघत नाहीत आणि निघाले तरी सुटत नाहीत. सातबाराचा विषय काढायचाच असेल तर तोही याच रात्री, सगळे जेवल्यावर काढा. भरल्या आरतीत नको. मंगळवारीच विमानात बसलात तर हे सगळं तुमच्याशिवाय ठरतं, किंवा ठरतच नाही.

प्रवासाचं थोडक्यात. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तो बांदा-सावंतवाडीला जवळ पडतो. आखातातून तिथे थेट विमानं येतात, पण रोज असतातच असं नाही; वार पाहून घ्या. मुंबईमार्गे जाणार असाल तर कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीचं जुलैच्या मध्यावर. भारतात सकाळी आठ म्हणजे आपल्याकडे साडेसहा. सुरुवातीच्या वेळेत आधार जोडलेलं खातं लागतं, तेव्हा हे काम गावच्या किंवा मुंबईच्या भावावर सोपवलेलं बरं. आणि ते आजच सांगा, कारण गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात.

परतताना सामानात सुकं खोबरं भरू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे, अगदी चिमूटभरसुद्धा चालत नाही. करंज्यांच्या सारणात आणि काही लाडवांत ती घातलेली असते, आणि बांधून दिलेला डबा आपण उघडून बघत नाही. तेव्हा वहिनीला आधीच सांगून ठेवा: आमच्या वाट्याच्या करंज्यांत खसखस नको.