पितळेचा मोर आणि त्याचा पत्ता

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्या भेटीस आले. आदिलाबाद गावात त्यांचे ओतीव पितळी वस्तूंचे लहानसे दुकान आहे. डोंगराकडच्या कारागिरांकडून माल घ्यावा, रास्त दाम द्यावे आणि विकावा, असा त्यांचा सरळ व्यवहार. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. दोन वर्षांपूर्वी शहरातील एका दलालाने त्यांस दुकानाचे संकेतस्थळ करून दिले होते आणि ‘गूगलच्या पहिल्या पानावर पहिला क्रमांक’ अशी हमीही लिहून दिली होती. पहिला क्रमांक काही मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी रक्कम तेवढी वाढली. ह्यांनी ती देण्यास नकार दिला आणि एके दिवशी सकाळी पाहतात तो पडदा कोरा! चौकशी करता कळले की, संकेतस्थळाचे नाव दलालाने स्वतःच्याच नावावर नोंदविले होते. पाटी ह्यांची, खिळा दुसऱ्याचा.

आम्ही ह्या शास्त्राचे पंडित नव्हेत. सेमिनरीत आम्हांस लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकविले गेले, दुकानदारी नव्हे. तथापि त्या गृहस्थांस रिकाम्या हाताने परत पाठविणे जिवावर आले, म्हणून दोन महिने आम्ही ह्या विषयाचे वाचन केले. धर्मग्रामातील अनेक कुटुंबांची मुले आता घरबसल्या लोणची, शिवणकाम, लाकडी सामान विकू लागली आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल, ह्या हेतूने जे समजले ते येथे देत आहोत.

आमचा हा मुलूख पैनगंगेच्या अलीकडचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे भागदेखील आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. त्यामुळे येथील बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू ह्या चारही भाषा आजही कानी पडतात. येथले डोकरा काम वोज समाजाचे. मातीचा गाभा करावा, त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उठवावी, वरून पुन्हा माती लिंपावी, भट्टीत मेण वितळून जावे आणि त्या पोकळीत तापलेले पितळ ओतावे. शेवटी साचा फोडल्याखेरीज वस्तू बाहेर येत नाही. म्हणून एकासारखा दुसरा मोर जगात नसतो. ह्या कामास २०१८ साली ‘आदिलाबाद डोकरा’ ह्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या निर्मळच्या लाकडी खेळण्यांस ते २००९ सालीच लाभले होते.

आता गंमत पाहावी. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यामुळे केसलागुड्यासारखे डोकऱ्याचे गाव आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे आणि निर्मळ तर स्वतःच जिल्हा झाले आहे. मालाचे नाव आदिलाबादचे, टपालाचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा. माणसास हे दोन वाक्यांत समजावून सांगता येते. परंतु मुंबईस बसलेला ग्राहक आपणांस विचारीत नाही, तो शोधयंत्रास विचारतो.

शोधयंत्र म्हणजे काय? तेराव्या शतकात पॅरिस येथे ह्यू ऑफ सें शेर ह्या डॉमिनिकन संन्याशाच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. कोणता शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात आला आहे, हे क्षणात सापडावे म्हणून कित्येक संन्याशांनी तीसाठी परिश्रम केले. शोधयंत्र म्हणजे अवघ्या जगातील संकेतस्थळांची अशीच शब्दसूची होय. फरक इतकाच की येथे संन्याशांच्या जागी यंत्रे अहोरात्र पाने वाचीत असतात. मात्र एकच शब्द लक्षावधी पानांत असेल, तर आधी कोणते दाखवावे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापिली, तेव्हा त्यांनी विद्वानांची रीत उचलली. ज्या ग्रंथाचा हवाला इतर ग्रंथ वारंवार देतात तो मोठा, आणि हवाला देणारा स्वतः भारदस्त असेल तर अधिकच मोठा. पुढे ह्या एका कसोटीत इतर पुष्कळ कसोट्यांची भर पडली. परंतु मूळ विचार तोच आहे.

ह्यावरून दलालांची एक युक्ती ध्यानी येते. पोकळ संकेतस्थळे उभी करून त्यांवरून गिऱ्हाइकाच्या पानाचे खोटे हवाले द्यावयाचे! गूगलने २०१२ साली अशा लबाडीविरुद्ध आपली पद्धत कडक केली आणि अनेकांची पाने तळाशी गेली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात सांगते. मग ती हमी छापील कागदावर असो की शपथेवर. वरच्या बाजूस पैसे भरून जाहिरात लावता येते, हे खरे. पण तेथे ती जाहिरात असल्याचे नमूद असते, आणि कोणी तीवर बोट ठेवले की बहुधा दर खेपेस पैसे कापले जातात. पैसे थांबले की जाहिरातही थांबली.

आम्ही त्या गृहस्थांच्या जुन्या पानांच्या छापील प्रती पाहिल्या. मथळा काय, तर ‘आमची उत्पादने’. दुकानाचे नाव आणि गाव एका शोभिवंत चित्रात रंगविलेले. साध्या अक्षरांत ‘पितळ’ हा शब्द एकदाही नाही. यंत्राने ते कोणत्या शब्दाखाली नोंदवावे? ग्राहक कधी ‘डोकरा’ लिहितो, कधी ‘ढोकरा’, कधी नुसते ‘पितळी मोर’. हे सारे शब्द पानावर सहज वाक्यांत यावयास हवेत. एकच शब्द पन्नास वेळा घुसडून मात्र नव्हे. प्रत्येक चित्रासोबत त्याचे वर्णन शब्दांत जोडण्याची सोय असते. ते यंत्रास उपयोगी पडतेच, शिवाय जे अंध बांधव वाचून दाखविणाऱ्या साधनाने पान ऐकतात त्यांसही मोर कसा आहे हे कळते. आम्हांस ही गोष्ट फार आवडली. छायाचित्रे वजनाने हलकी करावीत, हेही महत्त्वाचे. कारण बहुतेक लोक पान मोबाइलवर उघडतात आणि डोंगराळ भागातील मंद जोडणीवर जड चित्र उमटेपर्यंत माणूस निघून जातो. नकाशावर दुकानाची नोंद करण्यास गूगल पैसे घेत नाही. दलालाने तिचेही पैसे लावले होते!

सर्वांत कठीण प्रश्न निराळाच होता. मोर एकासारखा दुसरा नसतो, मग छायाचित्र कोणत्या मोराचे लावावे? पूर्वी ह्यांनी एक देखणे चित्र लावले होते; पाठविलेला मोर थोडा निराळा निघाला की माल परत येई, आणि पितळेचे टपाल हलके नसते. आता ते प्रत्येक नगाचे स्वतंत्र चित्र काढतात, उंची आणि वजन लिहितात आणि तो नग विकला गेला की तसे नोंदवितात. काम वाढले खरे, परंतु परत येणारा माल जवळजवळ थांबला. कारागिराच्या गावाचे नावही आज ज्या जिल्ह्यात ते आहे त्या जिल्ह्यासह लिहिले जाते.

मानांकनाचा कायदा १९९९ सालचा असून तो २००३ साली अमलात आला. अन्यत्र यंत्रावर घडविलेली वस्तू ‘आदिलाबाद डोकरा’ म्हणून विकणे हा त्यान्वये गुन्हा ठरतो. परंतु शोधयंत्र वस्तू हातात घेऊन पाहत नाही, ते शब्द पाहते. नक्कल करणाऱ्याचे शब्द अधिक नेटके असले तर तोच वर दिसावयाचा. त्यातच २०२४ पासून गूगल आपल्या देशातही पुष्कळदा पानाच्या माथ्यावर स्वतःच रचलेले उत्तर देऊ लागले आहे. वाचणारा तेवढ्यावर समाधान मानून उठतो, दुकानापर्यंत येतच नाही. ह्यावर उपाय काय, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

जुने नाव परत मिळविण्यासाठी भांडण करण्यापेक्षा नवे नाव घ्यावे, असे ठरले. ह्या खेपेस नोंदणी त्या गृहस्थांनी स्वतः, आपल्या नावाने, आपल्या ई-मेलवर केली. मुदतीची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहिली. मुदत चुकली तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, हे आता त्यांस पाठ झाले आहे. पान त्यांच्या बारावीतील मुलीने तयार केले, मजकुराची मराठी आम्ही तपासली आणि तेलुगू तिच्या शिक्षिकेने.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. चित्रातला मोर विकला गेला होता, पण त्यांस तस्साच हवा होता. गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले, “ताई, तस्साच होणार नाही. त्याच हातचा होईल.” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की चालेल. त्यावर ह्यांनी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली, कारण पावसाची झड लागली होती आणि ओल्या हवेत साचा वाळत नाही.