सल्ला केंद्राचे विश्वस्त नेमकं करतात काय?

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी देशभरात सुमारे २०० नागरिक सल्ला केंद्रं सुरू झाली. कुणाचं रेशनचं पुस्तक हरवलेलं, कुणाच्या घरचा कर्ता लष्करात गेल्यामुळे हप्ते थकलेले. एका ठिकाणी तर घोडे वाहून नेण्याच्या गाडीतच कार्यालय थाटलं होतं. बॉम्ब पडलेल्या वस्तीजवळ ती उभी राहायची.

ही केंद्रं आज ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ म्हणून ओळखली जातात. सल्ला मोफत, गोपनीय आणि निःपक्षपाती. नाव एकच असलं, तरी त्या त्या भागातली संस्था ही स्वतंत्र धर्मादाय संस्था असते. त्यामुळे प्रत्येकीला स्वतःचं विश्वस्त मंडळ लागतं. हे काम सहसा बिनपगारी. प्रवासखर्च वगैरे तेवढा परत मिळतो.

विश्वस्त लोकांना सल्ला देत नाहीत. ते काम प्रशिक्षित सल्लागारांचं, आणि त्यांच्यातही अनेक स्वयंसेवक असतात. विश्वस्तांच्या हाती येतात ते बैठकीचे कागद: किती लोक आले, त्यातले कर्जाचे किती, घरभाड्याचे किती, सरकारी भत्त्यांचे किती. आलेल्यांची नावं त्यात नसतात.

पुढचा कागद जमाखर्चाचा. समजा, स्थानिक कौन्सिलने अनुदान कमी केलं. मग केंद्र आठवड्यातून एक दिवस कमी उघडायचं, की राखीव निधीला हात लावायचा? त्या निधीतूनच अडचणीच्या काळात पगार आणि जागेचं भाडं भागवायचं असतं. केंद्र बंद करण्याची वेळ आली, तर कर्मचाऱ्यांची देणीही. हा निर्णय व्यवस्थापकावर ढकलून चालत नाही, तो मंडळालाच घ्यावा लागतो. म्हणून ‘हा आकडा गेल्या वेळेपेक्षा कमी का?’ असं विचारायला न कचरणारा माणूस मंडळात हवाच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा संस्थांवर चॅरिटी कमिशनची देखरेख असते. संस्थेचं हित पाहणं, पैसा जबाबदारीने वापरणं, पुरेशी काळजीपूर्वक निर्णय घेणं ही विश्वस्तांची कायदेशीर कर्तव्यं आहेत. दिवाळखोरीतून मुक्त न झालेल्या व्यक्तीला सहसा विश्वस्त होता येत नाही. वयाचं म्हणाल, तर कंपनी म्हणून नोंदलेल्या धर्मादाय संस्थेत वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यावरही विश्वस्त होता येतं. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेचे हिशेब दिलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मंडळात वकील आणि हिशेबनीस हवेत, हे खरंच. पण थकलेलं वीजबिल हातात धरून कधीकाळी त्याच केंद्रात बसलेला माणूसही तिथे तितकाच हवा. दुपारी दोनला केंद्र बंद झालं तर कामावरून सुटून कोण पोहोचू शकणार नाही, हे तो आकडे न बघता सांगतो.

ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांनी होकार देण्याआधी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचे मागचे हिशेब पाहावेत. ते कुणालाही फुकट पाहता येतात. मग विद्यमान विश्वस्तांना गाठून थेट विचारावं: अनुदान थांबलं, तर केंद्र किती महिने चालेल?