अंगावर काढायचा आजार नव्हे

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटच्या अलीकडे लवळे फाटा येतो. आत वळलं की थोडी भातखाचरं, बरेचसे प्लॉटिंगचे फलक आणि डोंगरावर सिम्बायोसिसचं संकुल. फ्लेम विद्यापीठही याच लवळे गावच्या हद्दीत. अलीकडे इथं सिम्बायोसिसचं मोठं रुग्णालय आणि मुलींसाठीचं वैद्यकीय महाविद्यालयही उभं राहिलं. मुळशी तालुक्यात दाराशी एवढ्या सोयी असलेलं दुसरं गाव शोधावं लागेल.

तरीही एखाद्या घरातल्या बाईला चार महिने धड झोप लागत नसेल, भूक मेली असेल, पोरांशी बोलावंसं वाटत नसेल, तर ती मानसोपचाराच्या दारात क्वचितच पोचते. ती आधी अंगदुखीची गोळी घेते. मग ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून सलाईन लावून घेते. मग रक्ततपासण्या होतात, ताकदीची औषधं येतात, कुणीतरी देवऋषाचा पत्ता देतं, तिथं नारळ-कोंबडं होतं. या सगळ्यात काही हजार रुपये गेलेले असतात. शेवटी कुणी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की घरचे म्हणतात, ‘आपल्याला परवडणारं नाही ते.’

हे म्हणणं खोटं नाही. पुण्यात खासगी समुपदेशकाच्या तासाभराच्या भेटीला हजार ते दोन हजार रुपये सहज लागतात आणि एका भेटीत भागत नाही. पिरंगुटच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या माणसाने आठवड्याला एवढे पैसे आणायचे कुठून? त्यात खाडा, बसभाडं, सोबत येणाऱ्याचा दिवस. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं दिसलं, आणि त्या वेळी नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे 85 जणांना उपचार मिळत नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येने माणसं हा आजार अंगावर काढतात.

माझं सांगणं एवढंच की, नैराश्यावर जे उपचार कामी येतात त्यांतले बरेचसे मुळात महाग नाहीत. ते कुठे मिळतात आणि कसे घ्यायचे, हे आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातून आला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असणार, मग त्यांच्यावाचून काय करता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य चांगलंच वाढलेल्या 495 रुग्णांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्याच्या जोडीला या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले, तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली.

त्या भेटींत काय चालायचं, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यातलं बरंच घरीही करता येतं. नैराश्यात माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. आधी भजनाला जाणं सुटतं, मग शेजारी बसणं, मग अंघोळ लांबते, मग दिवसभर अंथरूण. जेवढं सुटतं तेवढं मन खाली जातं, आणि मन खाली गेलं की आणखी सुटतं. समुपदेशक इथंच हात घालतो. ‘मन खंबीर कर’ असा उपदेश तो करत नाही. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, कुणाशी बोललात, त्या वेळी कसं वाटत होतं, हे तो विचारतो आणि कागदावर मांडतो. त्या कागदावर बहुधा एखादी जागा सापडते, जिथं जीव थोडा हलका झाला होता. भाची आली होती तेव्हा, किंवा गाईला चारा टाकला तेव्हा. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटं काम ठरतं, वेळेसकट आणि जागेसकट. ‘फिरायला जात जा’ हे ठरवणं झालं नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता जाऊबाईंबरोबर देवळापर्यंत जाऊन यायचं’ हे झालं ठरवणं. इच्छा झाली तर जायचं, असं नाही. इच्छा नसतानाच जायचं, कारण या आजारात इच्छा आधी येत नाही, काम केल्यावर मागाहून येते. पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होतो. जमलं नसेल तर रागावणं नाही, काम आणखी लहान करायचं. देवळापर्यंत नाही जमलं, तर अंगणापर्यंत.

याच्या जोडीला दुसरा धागा असतो अडचणी सोडवण्याचा. कर्जाचा हप्ता, सासूशी अबोला, वाटणीचा दावा असे दहा प्रश्न डोक्यात एकदम घोंगावतात, तेव्हा त्यातला एकच उचलून त्याची पुढची पायरी काय, एवढंच बघायचं.

हे काम गावातलीच माणसं गावात करू शकतात, हे पुण्याच्या लोकांनीही दाखवून दिलं आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, म्हणजे डॉ. सौमित्र पाठारे आणि डॉ. कौस्तुभ जोग यांच्या चमूने, 2013 नंतर नाशिक जिल्ह्यातल्या 41 गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. गावातले ज्यांच्याकडे लोक एरवीही मन मोकळं करतात, असे शिक्षक, बचत गटाच्या ताई, जुनेजाणते लोक निवडले आणि त्यांना ऐकून घ्यायचं, चार-सहा भेटींत हलकं समुपदेशन करायचं आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं शिक्षण दिलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हे लोक विधवा पेन्शन, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, रेशनकार्ड अशी अडलेली कामंही मार्गी लावायला मदत करत. ज्या बाईचं पेन्शन वर्षभर अडकलंय, तिला नुसतं ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगणं हा अन्याय आहे. पुढे हाच प्रकल्प गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. विदर्भात अमरावतीच्या 30 गावांत ‘विश्राम’ हा असाच कार्यक्रम झाला. तिथं नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

मुळशीत असा प्रशिक्षित माणूस गावात नसेल, तर आज काय करायचं?

पहिला मार्ग फोनचा. 14416 हा केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’चा क्रमांक. 10 ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. घरात सगळ्यांसमोर बोलवत नसेल तर शेताच्या बांधावर जाऊन बोला. आजारी माणूस फोन करायला तयार नसेल तर घरच्यांनी करावा. आपण त्याच्याशी कसं वागायचं, हे विचारण्यासाठीही तो क्रमांक आहे.

दुसरा मार्ग सरकारी दवाखान्याचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. त्याखालची सेवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी मिळते, हे तिथं किंवा गावच्या आशाताईंकडे विचारून घ्या. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. येरवड्याचं नाव काढलं की लोक दचकतात. पण तिथं जाणारा प्रत्येक जण भरती होत नाही. तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येणारे पुष्कळ असतात. लवळ्यातल्यांसाठी जवळचं म्हणजे गावातलंच रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असावाच लागतो. केसपेपरचे किती, सवलत कुणाला, हे खिडकीवर स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. डोंगरावरच्या मुलामुलींसाठी सिम्बायोसिसचं भावनिक स्वास्थ्य केंद्र आहे. घरापासून लांब राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘फी आधीच इतकी भरलीय’ म्हणून गप्प बसू नये. ती सेवा त्यांच्यासाठीच असते.

पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांत ज्यांचा पगार दरमहा 21 हजारांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांच्या उपचारांचा खर्च त्या योजनेत बसतो, कुटुंबासह. चिंचवड आणि बिबवेवाडीची ईएसआय रुग्णालयं त्यासाठीच आहेत. पगारातून दर महिन्याला पैसे जातात आणि कार्ड कपाटात पडून राहतं, असं कितीतरी घरांत घडतं. ज्यांनी खासगी आरोग्य विमा काढला आहे, त्यांनीही ध्यानात ठेवावं: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. याच कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला सरकारी यंत्रणेत मोफत मानसिक उपचारांचा हक्क दिला आहे. तो उपकार म्हणून मागायचा नसतो.

औषधांबद्दल दोन शब्द, कारण भीती तिथंच जास्त आहे. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची नेहमीची औषधं जेनेरिकमध्ये मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात गेलात तर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक वेळा एका सलाईनपेक्षा कमी येतो. या गोळ्या झोपेच्या नव्हेत आणि त्यांची चटक लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळलं, गुण आला नाही, म्हणून सोडून देणारे फार. आणि बरं वाटायला लागलं की ‘आता कशाला’ म्हणून मनाने बंद करणारे त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. थायरॉईड आणि रक्ताचं प्रमाणही एकदा तपासून घ्यावं. त्यांतल्या बिघाडानेही माणूस असाच खचल्यासारखा दिसतो.

दारू मात्र आधी थांबवा. मन हलकं व्हावं म्हणून घेतलेली दारू नैराश्य वाढवते, झोप बिघडवते आणि घरातला उरलासुरला पैसाही नेते. सुटत नसेल तर पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

घरच्या माणसांनी काय करावं, हे ज्यांना शब्दांत उमगत नाही त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट पाहावा. 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्याची निर्मिती करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. खचलेल्या मुलाला तिथं कुणी प्रश्नांची सरबत्ती करत नाही. त्याला ताट वाढलं जातं, आसरा दिला जातो आणि वेळ दिला जातो. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य घरातून हद्दपार झालं तरी अर्धी शुश्रूषा झाली, असं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. माणूस ‘मी नसलेलंच बरं’ असं बोलू लागला, देण्याघेण्याची निरवानिरव करू लागला, तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं आणि साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी शेजारी नेऊन ठेवा, 14416 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. कुणी तसा प्रयत्न केलाच असेल, तर पोलीस केसच्या भीतीने तासभरही दवडू नका. 2017 च्या कायद्यानुसार अशा माणसाला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते.

आता राहिली गावाची गोष्ट. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. रस्ता, पाणी, दिवाबत्तीच्या विषयांबरोबर लवळ्याने, आणि तुमच्याही गावाने, दोन मागण्या लेखी नोंदवून घ्याव्यात. मानसोपचाराची सेवा जवळच्या सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी मिळते, ते 14416 या क्रमांकासह ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमचं लिहावं. आणि आशाताई व बचत गटातल्या दोघीतिघींना समुपदेशनाचं प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला मिळावा. दोन विद्यापीठं आणि एक वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या गावाला ते शिकवायला माणसं लांबून आणावी लागणार नाहीत.